ताडपत्रीच्या बाहेर

पावसात मी ताडपत्रीच्या बाहेर का बसतो, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी लाँचवर हा विषय मी काढत नाही. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालो, वाटेत सर आली आणि खलाशाने ताडपत्री सोडली की सगळे आत सरकतात. मी तेवढा कडेच्या बाकावर भिजत बसतो. “अहो, आत या की, जागा आहे,” असं दर खेपेला कुणीतरी म्हणतंच. परवा एका मावशींनी तर नातवाला मला दाखवून सांगितलं, “बघ, असं बसलं की ताप येतो.”

कारण ‘रामदास’ बोट.

१७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. कोकणातल्या लांबच्या बंदरांची आगबोट पावसाळ्यात बंद असायची, रेवस मात्र जवळचं, म्हणून चालू. सकाळी आठला ‘रामदास’ सुटली. दुसऱ्या दिवशी अमावस्या संपत होती, गटारीला घरी पोचायचं म्हणून गर्दी, सातशेच्या आसपास माणसं. बोट ‘माझी आगबोट कंपनी’ची. सहकारी तत्त्वावरची ही स्वदेशी कंपनी, लोकांनीच तिला हे नाव पाडलेलं. बोटींना संतांची नावं देण्याची तिची रीत होती.

साडेआठ वाजून गेले असतील. काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटेने बोट कलली. घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, आणि एवढी माणसं एका अंगाला आल्यावर बोट सावरणार कशी? ती उलटली. पावसाचा मारा लागू नये म्हणून बाजूंना ताडपत्र्या बांधलेल्या होत्या. ही माणसं अलिबाग-रेवसकडची, पाण्याला न बुजणारी. पण पोहायला आधी पाण्यात पडावं लागतं, आणि कित्येक जण त्या ताडपत्रीतच अडकले. सहाशेहून जास्त माणसं गेली.

याहून मला दुसरी गोष्ट जास्त छळते. बोटीवर वायरलेस नव्हता. सकाळी मुंबईपासून अर्ध्या-पाऊण तासावर बोट बुडाली आणि शहराला दिवसभर पत्ता नाही. दहा-बारा वर्षांचा एक मुलगा तरंगत तरंगत गेटवेपाशी लागला, तेव्हा कुठे मुंबईला कळलं. तोवर दुपार टळून गेली होती. मधल्या वेळात जे काही वाचवलं ते रेवसच्या कोळ्यांनी. मासळी भरून मुंबईला निघालेल्या होड्या होत्या त्या. त्यांनी मासळी समुद्रात ओतली आणि माणसं भरली. त्या दिवसाच्या कमाईचं पुढे कुणी विचारलं असेल असं वाटत नाही.

आमच्या आजीकडे सगळ्याला एकच उत्तर होतं: “अमावस्येला निघालेच कशाला?” लहानपणी मलाही ते पटायचं. आणि ते अगदीच खुळचट नाही म्हणा, अमावस्येला उधाण असतं हे कुठलाही तांडेल सांगेल. पण ११ नोव्हेंबर १९२७ ला कोकणच्या याच वाटेवर ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ अशा दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या, त्याचं काय? तेव्हा ना पावसाळा होता ना अमावस्या. कार्तिकी पौर्णिमा होऊन दोनच दिवस झाले होते. हे मी आजीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “तू लई शिकलायस.” विषय तिथेच संपला.

माझा राग अमावस्येवर यासाठी आहे की तिच्या नावावर खापर फोडलं की ताडपत्री मागे पडते, वायरलेस मागे पडतो, लाइफजॅकेट पुरेशी का नव्हती हा प्रश्नही मागे पडतो.

आता रो-रो आहे, काचेच्या खिडक्या, चहा-वडा, गाड्या खाली उभ्या. तिच्यातून जाणाऱ्यांना काशाचा खडक विचारला तर माहीत नसतो. मी अजून लाँचनेच जातो, सवय म्हणा. गेल्या आषाढात खलाशाने ताडपत्रीची दोरी माझ्या बाजूच्या खांबाला करकचून बांधली, दोन गाठी मारल्या. मी म्हटलं, “एकच मार रे, सुटेल अशी.” त्याने माझ्याकडे पाहिलं, काही न बोलता वरची गाठ सोडली आणि पुढच्या खांबाकडे गेला. तिथे त्याने दोन मारल्या.