तुम्ही विचारलंत म्हणून : हेडसेट कुठला घ्यावा?

गेल्या गणेशोत्सवात लोकमान्य नगरात आरती झाल्यावर प्रसाद वाटला जात असताना एका गृहस्थांनी मला मांडवाच्या खांबापाशी गाठले, मोबाइलवर तीन हेडसेटची चित्रे दाखवली आणि विचारले, "ताई, यातला कुठला घेऊ? मुलाचं फ्लाइंग पुढच्या महिन्यात सुरू होतंय." मी नेहमीचे उत्तर दिले, "आधी दहा तास होऊ द्या, मग बघू." त्यांचा चेहरा उतरला. मी विमान उडवायला शिकवते, आणि हे उत्तर मी इतकी वर्षे इतक्या जणांना दिले आहे की इंदूरच्या मराठी मंडळींत माझ्याविषयी तीन मते तयार झाली आहेत. एक, मला कुठल्यातरी विक्रेत्याकडून दलाली मिळते आणि तो माल येईपर्यंत मी लोकांना थांबवते. दोन, मला शिष्टपणा आला आहे. तीन, आम्ही हालात शिकलो म्हणून आजच्या मुलांना सुख मिळालेले मला बघवत नाही. पहिली दोन मते खोटी आहेत. तिसरे बरीच वर्षे खरे होते.

प्रश्न साधा आहे हे मला मान्य आहे. लहान विमानात बसणाऱ्या वैमानिकाने आवाज कापणारा, म्हणजे आम्ही ज्याला ए.एन.आर. म्हणतो तो महागडा हेडसेट घ्यावा, की फक्त जाड कप आणि घट्ट गाद्या असलेला साधा घ्यावा? पहिल्या प्रकारातला नामांकित कंपनीचा हेडसेट हजार डॉलरच्या वर जातो आणि सीमाशुल्क भरून हातात पडेपर्यंत लाखाच्या पलीकडे. दुसरा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात येतो. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तास उडायचे, त्या प्रत्येक तासाचे पैसे मोजायचे, त्यात घर गहाण टाकलेल्या बापाला आणखी लाखाचा खर्च सांगायचा की नाही, एवढाच खरा प्रश्न असतो, आणि त्यावर "बघू" हे उत्तर मलाही लाजिरवाणे वाटते.

किरकोळ गोष्टी आधी उरकते. आपल्या प्रशिक्षण विमानांत दोन पिनांची जोडणी असते, एक जाड ऐकण्यासाठी आणि एक किंचित बारीक बोलण्यासाठी. हेलिकॉप्टरची पीन एकच आणि वेगळी असते, त्यामुळे जुना हेडसेट स्वस्तात मिळतो म्हणून उडी मारण्याआधी पिना बघा. बॅटरी संपल्यावरही रेडिओ आणि इंटरकॉम चालू राहतो का, हे विकत घेण्यापूर्वी सेल काढून पाहा. गाणी ऐकण्याच्या हेडफोनला माइक जोडून काम भागवण्याचा सल्ला देणाऱ्या मित्रापासून लांब राहा, कारण बॅटरी संपली की त्या पातळ कपांत फारसे काही उरत नाही. हे सगळे कोणीही सांगेल. माझ्याकडून तुम्हाला हवे असते ते नाव, आणि ते मी देत नाही, कारण ते देताना मला माझ्या डाव्या कानाविषयी सांगावे लागेल.

मी 1994 साली शिकायला लागले. त्या वेळी विमानात हातात धरायचा माइक होता, छताला स्पीकर होता आणि प्रशिक्षक ओरडून शिकवत. पुढे क्लबची जुनी हेडसेट आली, ज्यांच्या गाद्या अनेकांच्या घामाने पापडासारख्या कडक झालेल्या होत्या. तेव्हा चांगले काही मिळतच नव्हते, असे मी अनेक वर्षे सांगत आले. ते खरे नाही. बोस कंपनीचे संस्थापक डॉ. अमर बोस यांना 1978 साली झुरिकहून परतताना विमानात आवाज कापणाऱ्या हेडसेटची कल्पना सुचली, 1986 मध्ये 'व्हॉयेजर' विमानाने न थांबता, वाटेत इंधन न घेता पृथ्वीप्रदक्षिणा केली तेव्हा त्यातल्या दोघा वैमानिकांच्या कानांवर बोसचे प्रायोगिक संच होते, आणि 1989 पासून असा हेडसेट विकत मिळू लागला होता. म्हणजे मी पहिल्यांदा विमानात पाय ठेवला त्याच्या पाच वर्षे आधीपासून. मला तो परवडत नव्हता, हे खरे. पण परवडू लागल्यावरही मी तो घेतला नाही, हेही तितकेच खरे. उलट मी विद्यार्थ्यांना सांगत असे की इंजिन कानाने ऐकायचे असते, कापूस घालून बसणाऱ्याला इंजिन कधी कण्हू लागले ते कळणार नाही, आणि कानाला सवय होते.

कानाला सवय होते, हे वाक्य मी किती जणांना सांगितले असेल याचा हिशेब करायची माझी हिंमत नाही.

काही वर्षांपूर्वी वैमानिकाच्या वैद्यकीय प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी मी नेहमीप्रमाणे परगावी गेले. रक्त, छाती, डोळे झाले आणि शेवटी ऑडिओमेट्रीची, म्हणजे कानाच्या तपासणीची, पाळी आली. फोन करण्याच्या जुन्या खोक्याएवढी ती बंद खोली, आत भोकाभोकांचा पांढरा पत्रा, एक स्टूल, कानांवर हेडफोन आणि हातात वायरला जोडलेले बटण. आवाज ऐकू आला की दाबायचे. समोरच्या काचेपलीकडे माझ्या मुलीच्या वयाची तंत्रज्ञ होती. उजवा कान झाला. डावा सुरू झाला. खालचे सूर स्पष्ट आले, मी दाबत गेले. मग एक अगदी बारीक, तार ओढल्यासारखा सूर आला आणि मी दाबले. तो थांबला नाही, म्हणून पुन्हा दाबले. तिने वर पाहिले. मला वाटले, आपण उशीर करतो आहोत, म्हणून पुढच्या वेळी घाईने दाबले. तिने हेडफोनमधून अगदी मृदू आवाजात म्हटले, "मॅडम, मैंने अभी आवाज़ दी ही नहीं है।"

मी हसले. म्हटले, सॉरी, परत घेऊ. परत घेतले. तो सूर होताच. मी बटणावर अंगठा ठेवून तिच्या हातांकडे बघू लागले, कारण तिचे मनगट हलले की आवाज दिला असणार, असा हिशेब मी मनात केला होता. हे लिहिताना मला आजही घाम फुटतो. विद्यार्थी वेगमापक न बघता माझ्या चेहऱ्याकडे बघून नाक खाली घेतो तेव्हा मी त्याला किती बोलते! आणि मी तेच करत होते, त्या स्टुलावर बसून, अर्धे आयुष्य विमानात काढल्यावर. तिच्या ते लक्षात आले असावे, कारण ती खुर्ची वळवून माझ्याकडे पाठ करून बसली. मग मला काहीच कळेना. एक सूर माझ्या कानातला होता, एक तिच्या यंत्रातला, आणि दोन्ही एकाच उंचीचे. चार हजार हर्ट्झवर माझी रेघ डाव्या कानासाठी विहिरीत पोहरा सोडावा तशी खाली गेली आणि आठ हजारांवर थोडी वर आली. गोंगाटाने बिघडलेल्या कानाचा आलेख असाच दिसतो. पुस्तकात तो मी पाहिला होता.

निकाल काय लागला, असे विचाराल. मी पात्र ठरले. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या मानकात 500, 1000 आणि 2000 हर्ट्झवर 35 डेसिबलपेक्षा आणि 3000 वर 50 डेसिबलपेक्षा जास्त घट असू नये, एवढेच म्हटले आहे. चार हजारांचा त्यात उल्लेख नाही. कागदावर माझा कान ठीक आहे. रात्री निजताना त्यात रातकिडा ओरडतो, आणि तो कुठल्या ऋतूत थांबत नाही. घरात कोणी तापले तर थर्मामीटरची पिप् मला ऐकू येत नाही, मी तो काढून बघत बसते. परतीच्या प्रवासात मी हे कोणालाही सांगितले नाही आणि त्यानंतर आज पहिल्यांदा लिहिते आहे.

आता तुम्ही म्हणाल, उत्तर तर मिळाले: ए.एन.आर. घ्या. इथेच माझी अडचण सुरू होते.

दोन पात्यांचा पंखा मिनिटाला 2400 फेरे घेतो तेव्हा सेकंदाला 80 वेळा पाते हवा कापते, आणि चार सिलिंडरचे इंजिनही त्याच वेगाला सेकंदाला 80 वेळाच पेटते. प्रशिक्षण विमानातली ती छातीत घुमणारी घरघर म्हणजे हे 80 हर्ट्झ आणि त्याच्या पटी. या सुराची लाट चार मीटरहून लांब असते, म्हणून कपातल्या छोट्या माइकने ती पकडून तिच्या बरोबर उलट लाट सोडली की दोन्ही एकमेकींना गिळतात. पण चार हजार हर्ट्झची लाट साडेआठ सेंटीमीटरची असते. तिथे ही उलटापालट वेळेत जमत नाही, आणि तो आवाज अडवायचे काम शेवटी कपातला फोम आणि गादीच करतात. म्हणजे ज्या सुरांनी माझा कान बिघडला असण्याचा संभव सर्वांत जास्त, ते सूर महागड्या विद्युत करामतीने फारसे अडत नाहीत. ते अडवायला साधा, हिरव्या कपांचा डेव्हिड क्लार्कचा एच10-13.4 पुरेसा आहे. तो आवाज किती कमी करतो याचा 23 डेसिबलचा आकडा त्याच्यावर छापलेला असतो. अट एकच: गादी त्वचेला सगळीकडून चिकटली पाहिजे.

आणि ती माझ्या कानाला वर्षानुवर्षे चिकटत नव्हती. प्रशिक्षक उजवीकडे बसतो, विद्यार्थी डावीकडे. क्लबचा इंटरकॉम खरखरायचा, म्हणून विद्यार्थ्याचे बोलणे ऐकायला मी डावा कप मागे सरकवून ठेवत असे. अगदी रोज, अगदी सहज. चाळिशीनंतर चष्मा आला, तोही जाड काडीचा, आणि त्या काडीने गादीला दोन्ही बाजूंनी फट पाडली. एप्रनवर, म्हणजे विमाने उभी असतात त्या जागी, दुसऱ्याच्या विमानाचा रनअप, म्हणजे उड्डाणाआधीची इंजिनाची चाचणी, चालू असताना मी उघड्या कानांनी पंखाजवळ उभी राहून मुलांना बाहेरची तपासणी शिकवली. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेचा हिशेब असा आहे की 85 डेसिबल आठ तास चालतात, 94 फक्त एक तास, 100 पंधरा मिनिटे. मी दिवसाला चार-चार उड्डाणे घेत होते. यात हेडसेटच्या कंपनीचा दोष किती, आणि माझ्या हाताचा किती?

तरीही ए.एन.आर.ची बाजू घेणारे एक गोष्ट बरोबर सांगतात, आणि ती मी तेव्हा धुडकावली होती. घरघर कमी झाली की बोलणे तिच्याखाली दबत नाही, म्हणून रेडिओचा आवाज वाढवावा लागत नाही. मी आवाज नेहमी शेवटपर्यंत फिरवलेला ठेवत असे. म्हणजे बाहेरच्या गोंगाटातून वाचण्यासाठी मी गोंगाटच कानात ओतत होते. शिवाय थकवा. आता मी असा हेडसेट वापरते आणि मे महिन्यात तिसरे उड्डाण संपवून उतरल्यावर पूर्वीसारखी चिडचिड होत नाही, हे माझ्याच विद्यार्थ्यांनी माझ्याआधी ओळखले.

पण "इंजिन कानाने ऐकायचे" म्हणणारी ती जुनी मी पूर्ण चूक होती, असेही मला म्हणवत नाही. नवा हेडसेट घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एक प्रयोग केला. रनअपला 1700 फेऱ्यांवर विद्यार्थ्याला मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनाला ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रांपैकी एक बंद करण्याची, किल्ली फिरवायला सांगितली आणि स्वतः काट्याकडे न बघता बाहेर धावपट्टीकडे पाहत राहिले. पूर्वी फेऱ्यांची ती घसरण मला कानातच कळे. या वेळी मला ती आसनातून, पाठीत कळली, आणि तीही क्षणभर उशिरा. 2007 साली अमेरिकेच्या फेडरल एव्हिएशन अॅडमिनिस्ट्रेशनने वैमानिकांसाठी एक सूचनापत्र काढले होते की असा हेडसेट घातल्यावरही धोक्याचे इशारे आणि विमानातले इतर आवाज ऐकू येतात ना, हे पडताळून घ्यावे. सेस्ना या प्रशिक्षण विमानाचा स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटू लागल्याचा, भोंगा इंटरकॉममधून येत नाही, तो डाव्या पंखातून थेट कॅबिनमध्ये वाजतो; तो उंच सुराचा असल्याने या हेडसेटमधूनही ऐकू येतो. मात्र तो माझ्या डाव्या कानाला पूर्वीइतका ऐकू येतो का, हे तपासायला माझ्याकडे दुसरा डावा कान नाही.

म्हणून मी "आधी दहा तास होऊ द्या" म्हणते. तेवढ्यात मला त्या मुलाचा चष्मा दिसतो, त्याची काडी जाड आहे की तारेची ते दिसते, तो कप सरकवून ठेवतो का ते दिसते, इंदूरच्या उन्हात दहा मिनिटांत डोके आवळते म्हणून पट्टी सैल करतो का ते दिसते. पट्टी सैल करणाऱ्याला लाखाचा हेडसेट देऊन मी काय करू? आणि घट्ट बसवणाऱ्याला, ज्याला पुढे रोज पाच तास याच पंख्यामागे काढायचे आहेत, त्याला पैशासाठी साधा घे म्हणून कोणत्या तोंडाने सांगू? गणपतीतल्या त्या गृहस्थांना मी नंतर फोन केला आणि मुलाला त्याच्या रोजच्या चष्म्यासकट पाठवा, असे सांगितले. ते म्हणाले, "पण नाव तर सांगा." मी पुन्हा टाळले.

माझ्याकडचा कुठला आहे, हेही विचारू नका, कारण तो तुम्ही उद्या मागवाल. एवढे सांगते की उड्डाणाआधी तो कानावर चढवून चालू केला की विमानात क्षणभर मिट्ट शांतता पसरते, एप्रनवरच्या गाडीचा, जनरेटरचा, वाऱ्याचा आवाज विरतो, आणि त्या शांततेत डाव्या कानातला रातकिडा इतका मोठ्याने ओरडतो की विद्यार्थी काय म्हणाला ते मला पुन्हा विचारावे लागते. म्हणून इंजिन सुरू होईपर्यंत मी त्याचे बटण दाबत नाही.