लिंक दाबली तरी काहीच होत नाही

तक्रार फोनवर आली: "डावीकडच्या मेनूतली लिंक दाबली की काहीच होत नाही." मी माझ्या मशीनवर तीच लिंक दाबली, तर पान नव्या विंडोत उघडलं. हेही चूकच होतं, कारण ते उजवीकडच्या मोठ्या फ्रेममध्ये, म्हणजे विंडोच्या वेगळ्या कप्प्यात, यायला हवं होतं. पण 'काहीच होत नाही' असं काही दिसेना. अशा वेळी फोनवर वाद घालण्यापेक्षा तक्रार करणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसलेलं बरं.

गोष्ट 2004 च्या सुमाराची. कार्यालयातल्या कामासाठीची अंतर्गत साइट: वर पट्टी, डावीकडे मेनू, उजवीकडे मजकूर. मांडणी मुळात फ्रंटपेज या वेबपानं बनवण्याच्या प्रोग्रामच्या तयार साच्यावरून केलेली. पुढे दुसऱ्या कुणीतरी ड्रीमवीव्हर या तशाच दुसऱ्या प्रोग्राममध्ये फ्रेमसेट, म्हणजे फ्रेमांची मांडणी ठरवणारं पान, नव्याने बसवला. कडा काढल्या, रुंदी नीट केली. दिसायला खरंच छान झालं होतं.

त्या गृहस्थांनी माझ्यासमोर लिंक दाबली. खरंच काही नाही! दुसरी दाबली, तरी तेच. मग माझं लक्ष टास्कबारकडे गेलं. विंडोज एक्सपी गर्दी झाली की एकाच प्रोग्रामच्या विंडो एका बटणात गोळा करायचं. ते बटण उघडलं तर ब्राउझरची आणखी एक विंडो मागे दडलेली, आणि तिच्यात त्यांनी नुकतंच मागवलेलं पान! सकाळपासून त्यांनी दाबलेली प्रत्येक लिंक इमानेइतबारे उघडत होती, फक्त त्यांच्या पाठीमागे.

कारण नावात होतं. फ्रंटपेजच्या त्या साच्यात मोठ्या फ्रेमचं नाव 'मेन' असायचं, ड्रीमवीव्हरच्या तयार मांडणीत 'मेनफ्रेम'. फ्रेमसेट नवा आला, पण मेनूतल्या लिंकांचं टार्गेट, म्हणजे पान ज्या फ्रेममध्ये उघडायचं तिचं नाव, 'मेन'च राहिलं. त्या नावाची फ्रेम सापडली नाही की ब्राउझर नवी विंडो उघडतो आणि तिलाच ते नाव देतो. पुढची लिंक त्याच नावाच्या विंडोत जाते, आणि ती विंडो मागे असली तर तिथेच राहते, पुढे येत नाही. माझ्याकडे पहिलीच वेळ होती म्हणून मला नवी विंडो दिसली. त्यांनी ती केव्हाच मागे टाकली होती.

डिझाइन व्ह्यूमध्ये, म्हणजे पान दिसेल तसं दाखवणाऱ्या भागात, यातलं काही कळत नाही, हा माझा या एडिटरांवरचा जुना राग. रेषा दिसतात, नावं दिसत नाहीत. फ्रेमच्या आत क्लिक केलं तर आतल्या पानाचे गुणधर्म समोर येतात. ड्रीमवीव्हरमध्ये फ्रेमचं नाव पाहायचं तर ऑल्ट दाबून क्लिक करायचं, नाहीतर शिफ्ट-एफ2 ने फ्रेम्सचं पॅनल उघडायचं.

सगळ्या पानांत फाइंड-रिप्लेस मारावं, असं तिथल्या एकाचं म्हणणं होतं. मी नको म्हटलं. फ्रेमसेटमध्ये एका जागी नाव 'मेन' केलं की झालं. जपायचं ते सेव्ह करताना: साधं सेव्ह केलं तर कर्सर ज्या पानात आहे तेवढंच जतन होतं, फ्रेमसेट वेगळा सेव्ह करावा लागतो.

लिंका सुरू झाल्या. मग कुणीतरी 'मुखपृष्ठ' दाबलं आणि उजवीकडच्या फ्रेममध्ये अख्खी साइट अवतरली. पट्टीखाली पट्टी, मेनूशेजारी मेनू. 800 पिक्सेलच्या स्क्रीनवर प्रत्येक मेनूचे 150 गेले, मजकुराला जेमतेम 500 उरले. ही चूक बहुधा पहिल्या दिवसापासूनची असावी. मधल्या काळात मुखपृष्ठ नव्या विंडोत उघडत असल्यामुळे ते बरोबरच दिसायचं. एका बिघाडाने दुसरा झाकला होता! त्या लिंकचं टार्गेट 'टॉप' केलं, म्हणजे पान फ्रेममध्ये नाही तर पूर्ण विंडोत उघडतं; अर्थात आधी अंडरस्कोअर (_) लावून. तो विसरला तर ब्राउझर 'टॉप' हे साधं नाव समजतो आणि पुन्हा नवी विंडो.

मी उठणार तोच ते गृहस्थ म्हणाले, "आणि छापताना नुसता मेनूच का येतो हो?" शेवटचं क्लिक मेनूत केलेलं, म्हणून निवडलेली फ्रेम तीच. प्रिंटच्या ऑप्शन्समध्ये 'स्क्रीनवर दिसतं तसं' हा पर्याय होता, तो दाखवला.

2014 च्या एचटीएमएल5 ने, म्हणजे वेबपानांच्या भाषेच्या नव्या आवृत्तीने, फ्रेमसेट बाद ठरवला, आयफ्रेम (पानाच्या आतच दुसरं पान दाखवणारी चौकट) मात्र ठेवला. त्यालाही नाव द्यावं लागतं, आणि टार्गेटशी ते जुळलं नाही तर आता नवा टॅब उघडतो.