काचेच्या केबिनमधला आवाज

शनिवारी लेकीला घेऊन बर्लिनालेला, म्हणजे बर्लिनच्या चित्रपट महोत्सवाला गेले होते, मुलांच्या विभागातल्या एका खेळाला. सिनेमा परक्या भाषेतला, खाली इंग्रजी सबटायटल्स. सात वर्षांच्या पोरीला त्यातलं काय कळणार, म्हणून तिच्या कानात कुजबुजायच्या तयारीनेच बसले होते.

दिवे मालवले आणि स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला, जर्मनमध्ये. पडद्यावर आजोबा बोलले की ती बोलायची, नात बोलली की तीच. मागे वळून पाहिलं, तर काचेच्या केबिनमध्ये छोट्या दिव्याखाली कागद घेऊन बसली होती. आख्खा सिनेमा तिने एकटीने, तिथल्या तिथे वाचला. मूळ आवाज खालून ऐकू येत राहतो, तो ती झाकत नाही. रडण्याच्या जागी रडत नाही, पण थांबायचं कुठे ते तिला नेमकं ठाऊक. पाच मिनिटांत मागे कुणी बाई बोलते आहे हेच लेक विसरली. ज्यांना भरभर वाचता येत नाही त्यांनाही जगभरचा सिनेमा बघायला मिळावा, म्हणून दर खेळाला एक माणूस बसवायचा! मी दोन दिवस हेच सगळ्यांना सांगत सुटले आहे.

या विभागाचा क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मुलांचीच ज्युरी देते. 2014 साली तो अविनाश अरुणच्या ‘किल्ला’ला मिळाला होता. तेव्हाही असंच कुणीतरी केबिनमध्ये बसून आपल्या कोकणातल्या पोरांचं बोलणं बर्लिनच्या पोरांना सांगितलं असणार. त्या माणसाला भेटायला मला फार आवडेल.

बाहेर कोट चढवताना शेजारची एक आई सहज म्हणाली, “तुमच्याकडचे सिनेमे म्हणजे गाणी, नाही का?” वाईट हेतू नव्हता, तरी मला लागलं. तिथेच उभं राहून तिला 1958 सांगितलं. त्या वर्षी इथला सर्वोच्च पुरस्कार, गोल्डन बेअर, स्वीडनच्या दिग्दर्शक बर्गमनला गेला आणि ज्युरीचा खास सिल्व्हर बेअर शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ला. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगावरून सुचलेली गोष्ट, लिहिणारे गदिमा. आणि हो, त्यात गाणी आहेत, उत्तम आहेत.

इथे जुन्या सिनेमांच्या रेट्रोस्पेक्टिव्हलाही तिकिटं पटापट संपतात, हे बघून हेवा वाटतो. ‘मेट्रोपोलिस’ या जुन्या जर्मन मूकपटाचे हरवलेले तुकडे ब्यूनोस आयरेसला सापडले आणि 2010 मध्ये तो जवळजवळ पूर्ण सिनेमा इथेच दाखवला. आपल्याकडे 2003 साली पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या जुन्या फिल्म्सना लागलेल्या आगीत काय काय गेलं, ते आठवून पोटात तुटतं. पण रसिकतेत आपण कमी नाही, हे मी कुणाशीही भांडून सांगेन. जानेवारीत रजा टाकून पिफला, पुण्याच्या चित्रपट महोत्सवाला, पायऱ्यांवर बसणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यात बसले आहे.

आई फोनवर म्हणते, पोरीचं मराठी कच्चं राहणार तिकडे. मला ते ऐकवत नाही. काल लेकीची मैत्रीण घरी आली होती, तिला ‘किल्ला’ लावून दिला. थोड्या वेळाने खोलीत डोकावले, तर लेक सोफ्याच्या मागे जाऊन बसलेली, टेबललॅम्प जवळ ओढलेला. पडद्यावरची पोरं मराठीत बोलत होती आणि मागून ती जर्मनमध्ये.


एका वाक्याला अडली. माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, पटकन सांग ना!”