तुम्ही विचारलंत म्हणून: त्या मुक्या पिक्चरची खरंच भीती वाटते का?

ऑफिसात, लग्नात, सोसायटीच्या गच्चीवर, कुठेही सिनेमाचा विषय निघाला की मला कोणीतरी विचारतंच, की तुम्ही ते शंभर वर्षांपूर्वीचे युरोपातले भुताचे पिक्चर बघता, ज्यात आवाज नाही, माणसं भराभर चालतात, त्याची खरंच भीती वाटते का हो? वाटते. दचकायला फारसं होत नाही, पण पिक्चर संपल्यावर स्वयंपाकघरातला दिवा बंद करायला जाववत नाही, तशी वाटते. एकाच पिक्चरवरून सांगते, 1922 चा जर्मन 'नोसफेराटू'.

पहिल्यांदा बघितला तो यूट्यूबवर, अगदी खराब कॉपी, आणि त्यात तो काउंट ऑर्लॉक, म्हणजे पिक्चरमधलं रक्त पिणारं पिशाच्च, स्वतःची शवपेटी काखेत घेऊन गावातून चाललाय, आणि ऊन लख्ख पडलंय! मला काही पटेना, कारण याच पिक्चरमध्ये सूर्याच्या उजेडाने तो मरतो. नंतर कळलं की तेव्हाच्या फिल्मवर रात्रीचं शूटिंग नीट व्हायचं नाही, म्हणून दिवसा शूट करायचे आणि प्रिंटला रंग द्यायचे, रात्रीला निळा, दिव्याच्या उजेडाला पिवळा. माझ्या कॉपीत तो रंगच नव्हता, त्यामुळे अख्खी रात्र गायब झाली होती. रंगवलेली, दुरुस्त केलेली कॉपी मिळाली तेव्हा कुठे मी हा पिक्चर खरा बघितला असं म्हणता येईल. आणि ते उन्हाने मरणं याच पिक्चरने आणलंय बरं का, ज्या कादंबरीवरून हा पिक्चर बनवला, त्या ब्रॅम स्टोकरच्या 'ड्रॅक्युला'तलं पिशाच्च, ड्रॅक्युला, दिवसाही बाहेर फिरतं.

आता ऑर्लॉकचं रूप बघा. पुढे 1958 मध्ये ब्रिटिश ड्रॅक्युलात ख्रिस्तोफर ली आला, उंच, देखणा, काळा झगा, आणि तोही मला मनापासून आवडतो. पण 'नोसफेराटू'तला मॅक्स श्रेक या नटाचा ऑर्लॉक म्हणजे टक्कल, टोकदार कान, वाढलेली नखं, आणि दात कडेचे सुळे नाहीत तर पुढचे दोन, अगदी उंदरासारखे. तो येतोही उंदरांबरोबरच. मातीने भरलेल्या पेट्या, त्यात उंदीर, त्या पेट्या जहाजावर, आणि जहाज बंदराला लागतं तेव्हा त्यावर जिवंत माणूस कोणी उरलेला नाही. मग गावात रोगाची साथ. या गावाचं बरंचसं शूटिंग उत्तर जर्मनीतल्या खऱ्या व्हिस्मारमध्ये झालंय, खऱ्या गल्ल्या आणि खरं बंदर (ऑर्लॉकचा किल्लासुद्धा खरा आहे, स्लोव्हाकियातला ओरावा), म्हणून ते सेटवरचं वाटतच नाही. एक माणूस ढोल वाजवत येतो आणि हुकूम वाचून दाखवतो, दारांवर खडूने फुल्या पडतात, आणि नायिका खिडकीतून बघते तर खालच्या अरुंद रस्त्यावरून एकामागून एक शवपेट्या चालल्यात.

हा सीन चालू असताना माझी आई शेजारी भाजी निवडत बसली होती. ढोलवाला दिसल्यावर ती म्हणाली, दवंडी आहे ही. आणि मग तिने तिच्या आजीकडून ऐकलेलं सगळं सांगितलं, प्लेगात घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं, माळावर झोपड्या घालून राहायचं, परत येईपर्यंत कोण उरेल ते माहीत नसायचं. आईला जर्मन येत नाही, मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांचं इंग्रजी भाषांतरही मी वाचून दाखवत होते, पण तो पिक्चर तिला माझ्याआधी कळला होता. मला वाटतं या जुन्या राक्षसांची भीती टिकते ती यामुळेच. ज्यांनी हा पिक्चर बनवला, बघितला, ती माणसं नुकतीच महायुद्धातून आणि 1918 च्या फ्लूतून बाहेर आली होती, दिग्दर्शक मुर्नाऊ स्वतः युद्धात वैमानिक होता. रस्त्यावरून जाणाऱ्या शवपेट्या त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

1920 च्या जर्मन 'गोलेम'मध्येही हेच. प्रागमधल्या ज्यू वस्तीला शहर सोडायचा हुकूम येतो, म्हणून तिथला रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, रक्षणासाठी मातीचा माणूस घडवतो, आणि तोच पुढे आवरत नाही. शेवटी एक लहान मुलगी त्याला सफरचंद देते, तो तिला उचलून घेतो, आणि ती खेळता खेळता त्याच्या छातीवरचा तारा काढते, झालं, तो कोसळतो. मला तिथे दर वेळी रडू येतं.

'नोसफेराटू' आपल्यापर्यंत पोचला हेही नशीबच. कादंबरीचे हक्क न घेता बनवला, स्टोकरच्या विधवेने केस केली, आणि 1925 मध्ये सगळ्या कॉप्या नष्ट करायचा आदेश निघाला. तिचं बरोबरच होतं असं मी म्हणेन, नवऱ्याच्या पुस्तकावर तिचा हक्क होता. तरी परदेशात गेलेल्या कॉप्या वाचल्या याचा मला फार आनंद आहे.

तर बघायचाच असेल तर रंगवलेली कॉपी शोधा, दीड तासाचा आहे, दिवे घालवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. शेवटाकडे जिन्यावरून फक्त त्याची सावली चढते, मग हाताची सावली नायिकेच्या अंगावरून वर सरकत येते आणि छातीवर मूठ आवळते, आणि ती कळवळते. आम्ही चार-पाच वेळा तरी बघितलाय, आणि त्या मुठीच्या वेळी आई अजून पदर घट्ट धरून बसते.