टाळीखाली गेलेली सम

नाट्यपद रंगात आले की टाळ्या नेमक्या कुठे पडतात, याकडे कान लावून बसण्याची मला खोड आहे. नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात नाट्यसंगीताचा कार्यक्रम असला, की माझे अर्धे लक्ष गायकाकडे आणि अर्धे आजूबाजूच्या रांगांकडे असते. तान तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, भिडली की टाळी ठरलेली. दमसास दाखवीत स्वर लांबवला, तर तो संपण्याइतका धीरही कोणाला नसतो. पंचाईत अशी होते, की तान संपवून गायक मुखड्यावर, म्हणजे पदाच्या सुरुवातीच्या शब्दांवर, येतो आणि समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, जे अक्षर पडायचे, तेच त्या कडकडाटात बुडते. ज्या जागेसाठी एवढी वळणे घेतली, ती जागाच ऐकू येत नाही. तबलजीची मान हलली, तेव्हा सम येऊन गेली असावी, असे आपण समजून घ्यायचे.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) आणि ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांतली साकी, दिंडी, अंजनीगीत अशा चालींची बरीचशी पदे म्हणजे गाऊन म्हटलेले संवादच होते, आणि एका ‘सौभद्रा’त शंभरावर पदे मावली ती त्यामुळेच. वन्समोअरची चटक प्रेक्षकांना पुढे चांगलीच लागली. ‘मानापमान’ला (१९११) गोविंदराव टेंबे आणि ‘स्वयंवर’ला (१९१६) भास्करबुवा बखले यांनी रागदारीच्या चाली दिल्या, पदांत आलाप-तानांना ऐसपैस जागा झाली आणि त्या चटकेला नवे खाद्य मिळाले. नायिकेचा रुसवा एकदा निघाल्यावर केवळ लोकाग्रहास्तव तिने पुन्हा रुसावे आणि नायकाने पुन्हा तीच समजूत घालावी, याचे प्रेक्षकांना कधी काही वाटले नाही; मलाही वाटले नसते.

गायकीप्रमाणे दादही बदलते, असे माझे मत आहे. बालगंधर्वांची ध्वनिमुद्रणे ऐकावीत: शब्द स्वच्छ, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद सरकणे) लडिवाळ, हरकत (स्वरांची छोटी नक्षी) लहानशी आणि भावाला बिलगलेली. त्या गाण्याला टाळी जरा दांडगाईचीच वाटते. तिथे ‘अहाहा’ पुरते. मास्टर दीनानाथांची तान मात्र ध्यानीमनी नसलेल्या ठिकाणाहून उसळते आणि हात आपसूक एकमेकांवर आदळतात. वसंतराव देशपांडे दीनानाथांच्या गायकीने भारलेले. त्यांची सुरुवातीची तालीम नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्याकडे झाली होती. ‘कट्यार काळजात घुसली’मध्ये (१९६७) ते खाँसाहेब झाले आणि तिथे टाळीला नाटकातच हक्काची जागा मिळाली, कारण दोन घराण्यांच्या गायकीचा झगडा हेच मुळी त्या नाटकाचे कथानक आहे आणि दाद देणारा प्रेक्षक आपोआप दरबारातला श्रोता होतो. या नाटकाचे संगीत जितेंद्र अभिषेकींचे. त्यांनीच ‘मत्स्यगंधा’त (१९६४) पदे आटोपशीर ठेवून कथेला वाट मोकळी करून दिली होती. एकाच संगीतकाराने गरजेनुसार टाळीला एकीकडे आवर घातला आणि दुसरीकडे मुभा दिली, याचे मला विशेष कौतुक वाटते.

हल्ली अखंड संगीत नाटक क्वचितच पाहायला मिळते. बहुधा निवडक पदांचीच मैफल असते. प्रसंग गळून पडल्यामुळे रुसवा कोणाचा आणि कशासाठी, हे नव्या श्रोत्याला कळायला मार्ग नसतो, मग तो बिचारा वरच्या स्वरालाच दाद देतो. त्यात निवेदक ‘जोरदार टाळ्या झाल्या पाहिजेत’ असे फर्मान सोडतो. शेवटच्या पदाला सगळे सभागृह ठेक्यावर टाळ्या वाजवू लागते, हे मला सर्वांत खटकते, कारण हजारभर हात लय हळूहळू पुढे रेटतात आणि तबलजीला एक तर सभागृहामागे धावावे लागते किंवा गायकाला धरून राहून सभागृहाशी झुंजावे लागते.

पुढच्या रांगांत मात्र मांडीवर बोटांनी मात्रा मोजणारी, समेला हलकेच ‘क्या बात है’ म्हणणारी जुनी मंडळी नागपुरात अजून भेटतात. अनुभवी गायक त्यांच्याकडे पाहून गातात आणि तानेनंतर मुखडा एकदाच घेऊन पुढे जात नाहीत. पहिल्या मुखड्यावर टाळ्या होऊन जाऊ देतात आणि तोच पुन्हा घेऊन समेचे अक्षर ऐकू येईल असे ठेवतात. मी दाद या दुसऱ्या मुखड्याला देतो; शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ तेव्हा ‘याला आत्ता काय झाले’ अशा नजरेने माझ्याकडे पाहतात.