जुन्या टूरिंग बाइकवर आधी खर्च कुठे करावा

जादा दिवे, हीटेड ग्रिप लावण्याआधी चार्जिंग तपासा. इंजिन गरम झाल्यावर साधारण 5000 आरपीएमला बॅटरीच्या टोकांवर 13.8 ते 14.5 व्होल्ट दिसायला हवेत. कमी दिसले तर आधी स्टेटरचा (इंजिनमधला वीज बनवणारा भाग) कनेक्टर उघडा. गंजलेली पिन तापते आणि प्लास्टिक वितळवते. 15 च्या वर गेले तर संशय रेग्युलेटरवर, म्हणजे व्होल्टेज आवाक्यात ठेवणाऱ्या भागावर. बदलायचाच तर मॉसफेटवाला (एका प्रकारच्या ट्रान्झिस्टरवर चालणारा) घ्या, तो कमी तापतो.

डॉट 4 ब्रेक ऑइल दर 2 वर्षांनी बदला. ते ओल शोषतं, मग लांब उतारावर उकळतं आणि लिव्हर मऊ पडतो. ब्रेकचे रबरी होज (ऑइलच्या नळ्या) जुने असतील तर त्याच वेळी स्टीलच्या जाळीचे बसवा.

टायरची नक्षी शाबूत असली तरी टायर किती जुना ते कळायला बाजूचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे तो 2019 च्या 23व्या आठवड्यात बनला. चकचकीत एक्झॉस्ट? तो थांबू शकतो.