पंखा बंद करा

खऱ्या घरात, थोड्या पैशात शूटिंग करणाऱ्या माणसाच्या तोंडात दिवसभर सगळ्यात जास्त येणारं वाक्य 'अ‍ॅक्शन' नसतं हो, 'पंखा बंद करा' हे असतं. मग फ्रिज. मग शेजारचा टीव्ही, वरच्या मजल्यावरचा मिक्सर आणि नेमका टेक चालू झाला की गल्लीत शिरणारा भंगारवाला, ज्याला थांबवायला पाठवलेला आमचा पोरगा त्याच्याशीच गप्पा मारत बसतो. फ्रिजसाठी साउंडवाल्यांची एक जुनी युक्ती आहे, फ्रिज बंद केला की आपल्या गाडीची किल्ली आत ठेवून द्यायची, म्हणजे पॅकअप झाल्यावर किल्ली शोधताना फ्रिज परत चालू करायची आठवण होते आणि घरच्यांचं दूध नासत नाही. फिल्ममेकिंगच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा मला ही युक्ती जास्त उपयोगी पडलीय.

लोक म्हणतात एवढा त्रास कशाला, नंतर डबिंग करा की. करता येतं. पण एसी स्टुडिओत हेडफोन लावून उभा राहिलेला माणूस 'जेवलास का' म्हणतो ना, त्यात भूक कुणालाच नसते. खऱ्या खोलीत तोच माणूस तेच म्हणतो तेव्हा मागे कुठेतरी वाटी पडते, बाहेर कोणीतरी खोकतं, आणि आवाज भिंतीला लागून परत येतो तो त्या घराचा होऊन येतो. म्हणून सीन संपला की आम्ही सगळे अर्धा मिनिट गप्प उभे राहतो आणि नुसती शांतता रेकॉर्ड करतो, त्याला रूम टोन म्हणतात. घरातल्या मंडळींना हा प्रकार सगळ्यात येडा वाटतो. काहीच चाललेलं नाही आणि ते पण रेकॉर्ड करतायत!

आता आसामच्या रीमा दासचं बघा. आपल्याच गावातली पोरं घेऊन, कॅमेरा, एडिटिंग सगळं स्वतः करत तिनं 'व्हिलेज रॉकस्टार्स' बनवली, साउंडला तिची चुलतबहीण मल्लिका दास, आणि 2018 मध्ये फिल्मला राष्ट्रीय पुरस्कार मिळालाच पण लोकेशन साउंडचाही या मल्लिकाला मिळाला. हे मी प्रत्येक नवीन साउंडवाल्याला सांगतो, तो लगेच विचारतो 'पण माझा रेट तोच ना?'. असो.

तर सांगायचं हे की 'रिअलिस्टिक आहे म्हणजे स्वस्तात होत असेल' हा एक मोठा गैरसमज आहे. पैसे कमी लागतात हे खरं, पण त्याच्या बदल्यात वेळ जातो, आणि तो नुसता आपला नाही, दुसऱ्यांचा पण. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली'चं काम सुरू केलं तेव्हा काशफुलांच्या रानातला सीन थोडा शूट झाला, पुढच्या आठवड्यात जाऊन बघतात तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली, मग काय, फुलं परत येईपर्यंत वर्षभर थांबले. मोठ्या बजेटवाल्यानं दुसऱ्या दिवशी ट्रक भरून प्लास्टिकची फुलं आणली असती. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला थांबावं लागतं, आणि थांबणं जमलं तर बऱ्याचदा ते फायद्याचंच ठरतं, पण हे आता सांगायला सोपं आहे, त्या वर्षभरात घरी काय ऐकून घ्यावं लागत असेल ते ज्याचं त्याला माहीत.

मला खरी चीड कशाची येते तर मातकट रंगाची. वास्तव दाखवायचं म्हटलं की सगळं तपकिरी! भिंती मळवलेल्या, कपडे चहात बुडवून काढलेले, भांडी काळी. अरे कधी गेलाय का अशा घरात? आमच्याकडे सोलापूर भागात दोन खोल्यांचं घर असेल तर एक भिंत पोपटी आणि एक गुलाबी, मांडणीवर स्टीलचे डबे उंचीप्रमाणे लावलेले आणि तोंड दिसेल इतके घासलेले, टीव्हीवर विणलेला रुमाल, दाराला मण्यांचं तोरण. गरिबाचं घर आपल्या फ्लॅटपेक्षा स्वच्छ असतं हे कुठल्याच आर्ट डायरेक्टरला पटत नाही, कारण मग गरिबी 'दिसणार' कशी.

अर्थात या बाबतीत शहाणपण शिकवायला मी कोण. मोहोळच्या बाजूला एक घर मिळालं होतं, ओळखीतल्या मावशींचं. भिंतीचा गुलाबी रंग पाक उडालेला, लहान मुलांनी काढलेल्या रेघोट्या, स्टोव्हच्या वर धुराचा पट्टा, बघितल्या बघितल्या मी म्हटलं झालं, फिल्म इथेच. फोटो काढले, तारखा ठरल्या. शूटिंगच्या आदल्या दिवशी सामान घेऊन पोचतो तर घराला नवा कोरा रंग! पिस्ता कलर. रेघोट्या गेल्या, धूर गेला, दारात रांगोळी, आणि मावशी एकदम खुशीत उभ्या. मी आपलं जपून विचारलं, मावशी हे कशाला केलंत, आम्हाला तसंच हवं होतं ना. तर म्हणाल्या, "आता गं बया, एवढी माणसं येणार, उद्या सगळं गाव टीव्हीत बघणार, आन घर तसंच ठिवू व्हय? तुमच्या घरी शूटिंग असतं तर तुम्ही ठिवलं असतं का?"

यावर काय बोलणार. खरंच नसतं ठेवलं, माझ्या आईनं तर पडदे पण बदलले असते. मला जे 'खरं' म्हणून हवं होतं ते त्यांच्या लेखी पाहुण्यांना न दाखवायचं काहीतरी होतं, आणि पाहुणे येणार म्हणून घर रंगवणं हे काय कमी खरं आहे? कॅमेरामन म्हणाला घासून जुनं करू, पॉलिश पेपर आहे माझ्याकडे. म्हणजे मावशींच्या पैशांचा रंग त्यांच्यासमोर आम्ही खरवडायचा. नाही केलं. रात्री बसून सीन बदलला, त्या घरात मुलगी बघायला पाहुणे येणार आहेत असं केलं, आणि उसनवारी करून रंग दिलेलं घर ही गोष्ट मूळ स्क्रिप्टमध्ये नव्हतीच, ती मला सुचलीही नसती. नव्या रंगाच्या वासानं हिरॉईन मात्र दिवसभर शिंकत होती, त्यातली एक शिंक फिल्ममध्ये आहे.

माणसांचं पण असंच. नट नसलेल्या माणसाला कॅमेऱ्यासमोर 'नेहमीसारखं वागा' म्हटलं की तो शाळेच्या ग्रुप फोटोसारखा ताठ होतो. त्याच्या हातात काम द्यायचं, शेंगा फोडायला द्या, पाटी विणायला द्या, हात गुंतले की तोंड आपोआप सुटतं. 'कोर्ट' या मराठी फिल्ममध्ये लोकशाहिराचं काम केलेले वीरा साथीदार हे स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते, त्यांना कोणी 'चळवळीतल्यासारखं दिसा' असं सांगायची गरजच नव्हती.

आणि हे काही आपण नव्यानं शोधून काढलेलं नाही. 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी फाळक्यांना तारामतीचं काम करायला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा साळुंके त्यांना दिसला आणि तिथल्यापेक्षा जास्त पगार देऊन त्यांनी त्याला आणला. पुढे 1917 च्या 'लंका दहन'मध्ये तर राम पण तोच आणि सीता पण तोच. इकडे घरी फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करत होत्या, ते कुठल्या बजेटमध्ये धरलं होतं देव जाणे. आमच्याकडे अजून हेच चालतं, बायको, बहीण, मित्राची आई यांच्या जिवावर फिल्म करायची आणि त्याला 'पॅशन' म्हणायचं. मला ते आवडत नाही. म्हणून मोहोळच्या त्या शूटला भाड्याच्या लेन्समधली एक कमी केली आणि गावातल्याच दोन बायकांना रोजंदारी ठरवून स्वयंपाकाला ठेवलं. झालं काय, त्यातली एक दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यासमोर आली, कारण तिच्यासारख्या भाकरी थापणारी नटी पुण्यात काय मुंबईत काय, कुठेच सापडली नव्हती. संध्याकाळी तिनं दोन कामांचे दोन रोज मागितले. बरोबरच होतं, दिले. मग रात्रीचा स्वयंपाक कोण करणार यावर प्रॉडक्शनवाल्यांची मीटिंग बसली आणि शेवटी ढाब्यावरनं शेवभाजी आली.